कैदेच्या मुदतीची माफी : कौल कीं कृपा?

१. शब्द व प्रश्न

सूट व माफी हे शब्द जुनीं दप्तरें चाळणारांस नवे नाहींत. पीक बुडालें, गांव उजाड पडला, कीं सरकारांतून साऱ्यांत सूट मिळे; पुढें इंग्रजी अमलांत ह्याच व्यवहारास तहकुबी व माफी ह्या संज्ञा रूढ झाल्या. तुरुंगाच्या कारभारांत हेच शब्द कैदेच्या मुदतीस लागले. कैद्यानें नेमलेलें काम पुरें केलें, शिस्त पाळली, लिहिणें-वाचणें शिकला, तर त्याच्या शिक्षेंतून कांहीं दिवस वजा करावयाचे, ह्यास माफी म्हणतात. साऱ्याची माफी रुपयांची, ही दिवसांची. हिशेबाची रीति मात्र बहुतांशीं एकच. एका बाजूस शिक्षेची बाकी, दुसऱ्या बाजूस कैद्याची जमा, आणि दोन्ही बाजू मिळाल्या म्हणजे दरवाजा उघडावयाचा.

परंतु जुन्या कागदांत माफी आणि कौल ह्यांमध्यें जो भेद आहे, तो येथें ध्यानीं ठेवणें अवश्य आहे. माफी ही घडून गेलेल्या गोष्टीकडे पाहून धन्यानें केलेली कृपा होय. ती मागतां येते, तिच्यावर दावा सांगतां येत नाहीं. कौल हें आगाऊ दिलेलें वचन होय. पडीत जमीन लागवडीस आणा, पहिल्या वर्षीं अमुक, दुसऱ्या वर्षीं तमुक, असा चढता सारा घेऊं, ह्याप्रमाणें इस्ताव्याचा कौल मिळाला म्हणजे त्या भरंवशावर कुणबी रान तोडी, बांध घाली. कौल मोडला तर त्याचे कष्ट वायां जात, आणि पुढें त्या मुलखांत कौलावर कोणी विश्वास ठेवीत नसे.

कैद्यानें श्रम केल्यास त्याचे दिवस कमी करूं, असें जेव्हां सरकार सांगतें, तेव्हां तें कौल देतें, कीं नुसती कृपेची आशा दाखवितें? गेल्या दोनशें वर्षांत निरनिराळ्या देशांत ह्या पद्धतीचा जो इतिहास घडला, त्यांतील पुष्कळ तंटे ह्या एका प्रश्नाभोंवतीं फिरतात. हा प्रश्न अत्यंत स्पष्टपणें जेथें उद्भवला, त्या नॉरफोक बेटाची हकीकत आम्ही प्रथम देतों. नंतर तेथील पद्धति इंग्लंडच्या वाटेनें आपल्या देशाच्या कायद्यांत कशी उतरली, व पुढें काय झालें, हें पाहूं.

२. नॉरफोक बेट

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस, सिडनीपासून सुमारें एक हजार मैलांवर, प्रशांत महासागरांत हें लहानसें बेट आहे. इंग्रजांनीं १७८८ मध्यें तेथें पहिली वसाहत केली, ती १८१४ मध्यें मोडली. १८२५ मध्यें दुसरी वसाहत झाली ती केवळ कैद्यांकरितां. इंग्लंडांतून हद्दपार होऊन न्यू साउथ वेल्समध्यें आल्यावर ज्यांनीं पुन्हां गुन्हा केला, अशा दुबार शिक्षा झालेल्या लोकांस येथें ठेवीत. बेट निसर्गतः रमणीय. कारभार मात्र फटके, बेड्या व अंधारकोठडी ह्यांचा.

१८३४ मध्यें येथें कैद्यांनीं बंड केलें, तें मोडलें गेलें, व पुष्कळांस फांशीची शिक्षा झाली. पैकीं कांहींची शिक्षा कमी करण्यांत आली. ही बातमी सांगण्यास व मरणारांजवळ राहण्यास विल्यम उल्लाथॉर्न नांवाचा कॅथोलिक पाद्री सिडनीहून आला होता. जीवदान मिळालेले लोक रडूं लागले, आणि ज्यांस मरावयाचें होतें त्यांनीं गुडघे टेकून देवाचे आभार मानले, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. त्या प्रसंगीं तेरा जण फांशीं गेले. जगणें हीच जेथें शिक्षा झाली होती, तेथें मुदतीच्या एकेका दिवसाचें वजन किती होतें, हें ह्या एका साक्षीवरून कळून येतें. पुढें ह्याच उल्लाथॉर्नची जबानी पार्लमेंटनें नेमलेल्या १८३७-३८ च्या मोल्सवर्थ समितीपुढें झाली, आणि त्या समितीनें हद्दपारीच्या साऱ्या पद्धतीसच दोष दिला.

३. मॅकॉनकी व त्याचे गुण

ह्या बेटावर मार्च १८४० मध्यें नवा अधिकारी आला. त्याचें नांव अलेक्झांडर मॅकॉनकी. जन्म एडिंबरो येथें, सन १७८७. पेशानें तो आरमारी अधिकारी. १८११ मध्यें जहाज फुटून तो फ्रेंचांच्या हातीं सांपडला, व १८१४ पर्यंत त्यांच्या कैदेंत होता; तुरुंगाचा कारभार पाहणाऱ्या त्या काळच्या अधिकाऱ्यांत स्वतः कैद भोगलेला असा मनुष्य विरळाच. पुढें तो लंडनच्या भूगोल मंडळीचा पहिला चिटणीस (१८३०) व तेथील युनिव्हर्सिटी कॉलेजांत भूगोलाचा पहिला अध्यापक (१८३३) झाला. १८३७ मध्यें सर जॉन फ्रँकलिनचा खाजगी चिटणीस म्हणून तो त्या वेळच्या व्हॅन डीमेनच्या भूमींत, म्हणजे टास्मानियांत, आला. तेथील कैद्यांच्या स्थितीवर त्यानें कडक अहवाल लिहिला. तो लंडनांत प्रसिद्ध झाला, आणि १८३८ मध्यें त्याची चिटणिशी गेली. परंतु मोल्सवर्थ समितीनंतर वरिष्ठांसच नवा प्रयोग हवा होता. तो करण्यास त्याला नॉरफोक बेट मिळालें.

त्याच्या योजनेचें मूळ सूत्र असें : शिक्षा काळानें मोजूं नये, कामानें मोजावी. अमुक वर्षें काढ, असें सांगितलें म्हणजे कैदी दिवस ढकलतो. अमुक इतकें काम कर, असें सांगितलें म्हणजे तो दिवस कमावतो. ह्यासाठीं त्यानें गुण, म्हणजे त्याच्या भाषेंत मार्क, हें एक नवें चलन काढलें. सात वर्षांच्या शिक्षेस ६००० गुण, दहा वर्षांच्या शिक्षेस ७०००, आणि जन्माच्या शिक्षेस ८००० गुण, असें त्यानें देणें ठरविलें. काम व वर्तन पाहून दिवसास अधिकांत अधिक दहा गुण कैद्याच्या नांवें जमा होत. चांगलें अन्न, तंबाखू वगैरे वस्तु ह्याच गुणांच्या मोबदल्यांत घ्यावयाच्या. जो तोंडावर ताबा ठेवील, त्याची शिल्लक वाढेल, व तो लवकर सुटेल. अपराधास फटक्यांऐवजीं गुणांचा दंड. कांहीं काळानें सहा-सहा कैद्यांनीं मिळून टोळी करावी, आणि एकाच्या चुकीनें साऱ्यांचे गुण जावे, म्हणजे एकमेकांस सांभाळण्याची संवय लागेल, अशीही त्यानें व्यवस्था केली. वरकरणीं हा दयेचा प्रकार दिसतो. वस्तुतः ती एक काटेकोर खतावणी होती, व मॅकॉनकी स्वतः तिला शिक्षेचेंच शास्त्र समजत असे.

श्रमानें शिक्षा घटविण्याची कल्पना मात्र अगदींच नवी नव्हती. १८१७ मध्यें न्यूयॉर्क संस्थानानें लांब मुदतीच्या कैद्यांस चांगल्या वर्तनाबद्दल चौथाईपर्यंत सूट देण्याचा कायदा केला होता. स्पेनांत व्हॅलेन्सिया येथील तुरुंगावर १८३५ च्या सुमारास आलेला कर्नल माँटेसिनोस हाही उद्योग व विश्वास ह्यांच्या जोरावर कैद्यांचा कारभार चालवीत होता. मॅकॉनकीचें वैशिष्ट्य हें, कीं त्यानें माफीस शिक्षेची शेवटची सवलत न मानतां शिक्षेचें मापच मानलें.

२५ मे १८४० रोजीं त्यानें व्हिक्टोरिया राणीचा वाढदिवस साजरा केला. बंदीखान्याचे दरवाजे उघडले; कैद्यांस मेजवानी दिली, थोडी दारूही दिली; दारूकाम झालें, आणि कैद्यांनींच नाटक केलें. संध्याकाळीं इशारा होतांच सारे कैदी आपापल्या जागीं परतले. एकही गैरप्रकार झाला नाहीं. सिडनींत व लंडनांत मात्र ह्या मेजवानीची चेष्टा झाली, आणि मॅकॉनकीच्या साऱ्या कारभाराविषयीं लोकांचें मत तेथूनच बिघडलें. फांशीचा खांब मोडला, कैद्यांस बागेपुरती जमीन दिली, पुस्तकें व वाद्यें आणविलीं, मेलेल्या कैद्यांच्या कबरींवर नांवाचे दगड बसवूं दिले, ह्या गोष्टी त्या मानानें कोणाच्या कानीं गेल्या नाहींत.

४. कौलाची सनद

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. मॅकॉनकीनें कैद्यांस सांगितलें कीं, इतके गुण जमवा म्हणजे सुटाल. परंतु सोडण्याचा अधिकार त्याच्या हातीं होता काय? नव्हता. पार्लमेंटच्या १८३२ च्या कायद्यानें अशी मर्यादा घातली होती कीं, हद्दपार कैद्यास 'तिकीट ऑफ लीव्ह', म्हणजे बाहेर राहून काम करण्याचा परवाना, द्यावयाचा तो सात वर्षांच्या शिक्षेंत चार वर्षें, चौदा वर्षांच्या शिक्षेंत सहा वर्षें, आणि जन्माच्या शिक्षेंत आठ वर्षें भरल्याखेरीज देतां येऊं नये. गुण कितीही जमले, तरी त्यांमुळें ही मुदत हलत नव्हती. शिवाय, ही योजना इंग्लंडांतून थेट येणाऱ्या नव्या कैद्यांपुरतीच ठेवावी, दुबार शिक्षा झालेल्या जुन्यांस ती लावूं नये, असा वरून मिळालेल्या हुकुमाचा रोंख होता. एका लहान बेटावर दोन जातींचे कैदी दोन हिशेबांनीं ठेवणें अशक्य, म्हणून मॅकॉनकीनें साऱ्यांस एकच पद्धति लावली. न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर सर जॉर्ज गिप्स ह्यानें त्यास हरकत घेतली, व जुन्या कैद्यांपुरती ती मागें घेण्यास सांगितलें.

येथें जो प्रसंग उभा राहिला, तो मामलेदारानें हुजूरची मंजुरी न घेतां दिलेल्या कौलासारखा आहे. खतावणी मॅकॉनकीची, खजिन्याची किल्ली दुसऱ्याची. कैदी गुण जमवीत होते, तितके ते कागदावर चढत होते, परंतु त्यांची हुंडी वटविणारा कोणी नव्हता. मॅकॉनकीनें पुढें वारंवार तक्रार केली ती हीच, कीं आपल्या पद्धतीची परीक्षा झाली असें म्हणतां येत नाहीं, कारण गुणांस आपण ज्या मोलाचें म्हटलें, तें मोल त्यांस कधीं मिळालेंच नाहीं. इतकें असूनही बेटावर शांतता राहिली, ही गोष्ट विशेष आहे. मार्च १८४३ मध्यें गव्हर्नर गिप्स स्वतः बेटावर आला, सर्वत्र हिंडून पाहिलें, व पूर्वींचा त्याचा ग्रह पुष्कळ पालटून त्यानें बराच अनुकूल अहवाल लंडनास पाठविला. परंतु तो पोहोंचण्यापूर्वींच तेथून मॅकॉनकीस परत बोलाविण्याचा हुकूम निघाला होता.

फेब्रुवारी १८४४ मध्यें मेजर जोसेफ चाइल्ड्स त्याच्या जागीं आला, आणि जुना कडक कारभार पुन्हां सुरू झाला. कैद्यांच्या बागा गेल्या. १ जुलै १८४६ रोजीं त्यांचीं स्वयंपाकाचीं भांडीं काढून घेतल्यावरून बंड उसळलें, चार अंमलदार मारले गेले, व १३ ऑक्टोबर रोजीं बारा कैद्यांस फांशी झाली. ह्या बंडाचें सारें कारण गुणपद्धति मोडण्यांत शोधणें योग्य होणार नाहीं. चाइल्ड्सचा ढिला आणि निर्दय असा दुहेरी कारभारही त्यास कारण आहे. तथापि, ज्या लोकांस चार वर्षें त्यांच्याच नांवानें खातें उघडून दिलें होतें, त्यांच्याकडून तें एका दिवसांत हिरावून घेतलें, हें विसरून चालणार नाहीं. १८५५ मध्यें ती वसाहतच उठली.

५. आयर्लंड व इंग्लंड

मॅकॉनकी इंग्लंडांत परतला. १८४६ मध्यें त्यानें आपल्या पद्धतीवर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १८४९ मध्यें बर्मिंगहॅमच्या नव्या तुरुंगावर त्याची नेमणूक झाली. तेथेंही अडचण तीच : कायद्यांत गुणांस स्थान नव्हतें. १८५१ मध्यें त्यास काढून टाकण्यांत आलें. त्याच्यामागून आलेल्या अधिकाऱ्याच्या जुलुमामुळें तेथें एका पोरसवदा कैद्यानें १८५३ मध्यें आत्महत्या केली, चौकशी बसली, आणि त्या चौकशींत मॅकॉनकीच्याही कारभारावर कायद्याबाहेर गेल्याचा ठपका आला. १८६० मध्यें तो वारला.

त्याची कल्पना मात्र मेली नाहीं. १८५४ मध्यें सर वॉल्टर क्रॉफ्टन हा आयर्लंडच्या तुरुंगांचा मुख्य झाला. त्यानें मॅकॉनकीचें बीज घेतलें, परंतु तें कायद्याच्या वाफ्यांत लाविलें. प्रथम सुमारें नऊ महिने एकांतवास. मग सार्वजनिक कामावर, जेथें शिस्त, उद्योग व शाळा ह्या तीन बाबींस दरमहा प्रत्येकीं तीन, मिळून नऊ गुण. नंतर लस्कसारख्या खुल्या ठिकाणीं मधला मुक्काम. आणि शेवटीं परवान्यावर सुटका. प्रत्येक पायरीवर पुढची पायरी कैद्यास दिसत होती, व ती देण्याचा अधिकार पायरी मांडणाऱ्याच्याच हातीं होता. नॉरफोक बेटावर नेमकें हेंच नव्हतें.

इंग्लंडांत कौल मोडल्याचा परिणाम एका पिढींतच अनुभवास आला. १८५३ च्या कायद्यानें हद्दपारीच्या जागीं सक्तमजुरीची शिक्षा आली. ती मुदतीनें लहान होती, पण तींत माफीस जागा नव्हती. कैद्यांत असंतोष माजला, आणि १८५७ च्या कायद्यानें शिक्षेच्या मुदती वाढवून माफी परत आणावी लागली. १८६३ च्या चौकशीनंतर तेथेंही गुणांचा हिशेब सुरू झाला : बेताच्या कामास दिवसास सहा गुण, पूर्ण मेहनतीस आठ, आणि त्यांवरून पुरुषांस चौथाईपर्यंत, स्त्रियांस तिसऱ्या हिश्शापर्यंत माफी. मॅकॉनकीच्या योजनेंत गुण हेंच शिक्षेचें माप होतें. येथें काळ हेंच माप राहिलें, आणि गुण हे त्यांतून वजा करावयाचें साधन झाले. ह्या बदललेल्या रूपांतच ती पद्धति पुढें हिंदुस्थानांत आली.

६. आपल्याकडील कायदा

१८९४ च्या नवव्या क्रमांकाच्या तुरुंगाच्या कायद्याचें तिसरें कलम संग्राहकांनीं मुद्दाम वाचण्यासारखें आहे. त्यांत माफीच्या पद्धतीची व्याख्या दिली आहे ती अशी कीं, कैद्यांस मार्क देण्याचे व त्यामुळें त्यांच्या शिक्षेची मुदत कमी होण्याचे जे नियम त्या त्या वेळीं अमलांत असतील, ते. नॉरफोक बेटावरचा मार्क हा शब्द पन्नास वर्षांनीं हिंदुस्थानच्या कायद्यांत असा येऊन बसला. त्याच कलमांत हिस्टरी तिकिटाचीही व्याख्या आहे. प्रत्येक कैद्याचें नांव, शिक्षा, काम, अपराध व माफी ज्यावर लिहावयाची तें हें तिकीट; दप्तराच्या भाषेंत बोलावयाचें तर कैद्याचें खातें. आणि ५९ व्या कलमानें मार्क देण्याचे व शिक्षा कमी करण्याचे नियम करण्याचा अधिकार सरकारास दिला.

ह्या नियमांखालीं काम व वर्तन ह्यांबद्दल साधी माफी, विशेष कामगिरीबद्दल विशेष माफी, आणि पहारेकरी, मुकादम किंवा वॉर्डर म्हणून निवडलेल्या कैद्यांस अधिक माफी, असे प्रकार झाले. त्यांखेरीज सरकारी माफी म्हणून एक निराळाच प्रकार राहिला. राज्यारोहण, ज्युबिली अशा प्रसंगीं, व १९४७ नंतर राष्ट्रीय दिनीं, ही माफी मिळे. १८८७ च्या ज्युबिलीस हिंदुस्थानांत हजारों कैदी सुटले. २०२२-२३ मध्यें स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्तही टप्प्याटप्प्यानें कैदी सोडण्यांत आले. ह्या दोन्ही प्रकारांस माफी हें एकच नांव असलें, तरी पहिली श्रमाची व दुसरी प्रसंगाची. पहिलीस कौलाचा रंग आहे, दुसरी निव्वळ कृपा. तिकिटावर मात्र दोन्ही एकाच बेरजेंत पडत.

जन्मठेपेच्या कैद्यांच्या बाबतींत हा घोटाळा सर्वांत अधिक झाला. अंदमानांत कैद्याच्या गळ्यांतील बिल्ल्यावर सुटकेचें साल कोरीत; विनायक दामोदर सावरकरांच्या बिल्ल्यावर तें १९६० होतें, हें 'माझी जन्मठेप' वाचलेल्यांस स्मरत असेल. त्यांची सुटका ६ जानेवारी १९२४ रोजीं झाली, ती बिल्ल्याच्या हिशेबानें नव्हे, तर सरकारी हुकुमानें व अटींवर. बिल्ला एक सांगे, हुकूम दुसरें.

ह्या प्रश्नाचा कायदेशीर निकाल महाराष्ट्रांतील एका कैद्याच्या अर्जावरूनच लागला. महात्मा गांधींच्या खुनाच्या खटल्यांत १० फेब्रुवारी १९४९ रोजीं गोपाळ विनायक गोडसे ह्यास जन्मठेपेची शिक्षा झाली. गुन्हा अत्यंत घोर, ह्याविषयीं दुमत असण्याचें कारण नाहीं. येथें विषय हिशेबाचा आहे. त्याच्या खात्यावर साधी, विशेष, शारीरिक शिक्षणाची, साक्षरतेची, वार्षिक सद्वर्तनाची व सरकारी, अशा नाना प्रकारच्या माफ्या जमा झाल्या होत्या. भोगलेले दिवस व ह्या माफ्या मिळून वीस वर्षें भरलीं, दंडविधानाच्या ५७ व्या कलमांत जन्मठेप वीस वर्षांची धरली आहे, सबब आतां मला अडकवून ठेवणें बेकायदा आहे, असा त्याचा दावा होता. १२ जानेवारी १९६१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो फेटाळला. ५७ वें कलम शिक्षेचे अपूर्णांक काढण्यापुरतेंच आहे. जन्मठेप म्हणजे उरलेलें सर्व आयुष्य. तुरुंगाच्या नियमांनीं मिळालेली माफी ही हिशेबाची सोय आहे, आणि सरकारनें फौजदारी कायद्याखालीं शिक्षा कमी करण्याचा हुकूम काढल्याखेरीज तिच्यामुळें सुटकेचा हक्क उत्पन्न होत नाहीं, असा निर्णय झाला. पुढें १९६४ मध्यें त्यास सोडण्यांत आलें, तेंही सरकारच्या हुकुमानेंच.

तर्काच्या दृष्टीनें हा निकाल निर्दोष आहे. आयुष्याची लांबी कोणास ठाऊक नाहीं. मग तींतून दिवस वजा कसे करणार? तथापि खातें ठेवणारा एक व दरवाजा उघडणारा दुसरा, ही नॉरफोक बेटाची स्थितिच येथें कायद्यानें कायम झाली, हें नाकारतां येत नाहीं. १९७८ मध्यें फौजदारी कायद्यांत ४३३-अ हें कलम आलें. ज्या गुन्ह्यास फांशी होऊं शकते त्यांत जन्मठेप झालेल्यास, किंवा फांशीची जन्मठेप झालेल्यास, प्रत्यक्ष चौदा वर्षें कैद भोगल्याखेरीज सोडूं नये, असा त्याचा आशय. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या संहितेंत तेंच ४७५ वें कलम झालें. १९८० मध्यें मारू राम ह्याच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें हें कलम वैध ठरविलें, परंतु १८ डिसेंबर १९७८ पूर्वीं ज्यांस शिक्षा झाली त्यांस तें लावूं नये, असेंही सांगितलें. ह्या एका तारखेंत कौलाची बूज राखलेली आम्हांस दिसते : नवा नियम करा, पण जुन्या भरंवशावर राबलेल्यांस तो मागून लावूं नका. पुढें २००८ व २०१५ मधील निकालांनीं कांहीं खटल्यांत शिक्षा देतांनाच अमुक वर्षें माफी नाहीं असें ठरविण्याचा अधिकार वरिष्ठ न्यायालयांस आहे, असें झालें. तें कडक खरें, परंतु तें आरंभींच उघड सांगितलेलें असतें.

७. अन्य देशांतील दोन उदाहरणें

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९७४ मध्यें वुल्फ विरुद्ध मॅकडॉनेल ह्या खटल्यांत निराळी वाट धरली. संस्थानानें सद्वर्तनाची माफी देणें बंधनकारक नाहीं. परंतु एकदां कायद्यानें ती दिली, म्हणजे चौकशीची योग्य रीत पाळल्यावांचून ती काढून घेतां येणार नाहीं, असें ठरलें. १९८१ मध्यें फ्लॉरिडाच्या एका खटल्यांत, गुन्हा घडल्यानंतर माफीचा दर उतरवून तो जुन्या कैद्यास लावणें हेंही बेकायदा ठरलें. म्हणजे तेथें माफी कौलाच्या जवळ आली. तरी हिशेबाचा तंटा सुटला नाहीं. तेथील केंद्रीय कायद्यांत वर्षास ५४ दिवसांपर्यंत माफी लिहिली असतां, तुरुंगखातें ती शिक्षेच्या मुदतीवर न मोजतां प्रत्यक्ष भोगलेल्या काळावर मोजी, आणि कैद्याच्या पदरीं ४७ दिवसच पडत. २०१० मध्यें न्यायालयानें ही रीत उचलून धरली; २१ डिसेंबर २०१८ च्या कायद्यानें ती बदलली, तेव्हां ५४ चे ५४ झाले. त्याच कायद्यानें नेमलेल्या शिक्षणक्रमांत व कामांत भाग घेतल्यास दर तीस दिवसांस दहा, व धोका कमी ठरलेल्यांस आणखी पांच दिवसांची जमा सुरू केली. मात्र पुष्कळ गुन्ह्यांचे कैदी तींतून आरंभींच वगळले.

दुसरें उदाहरण ब्राझीलचें. तेथील १९८४ च्या कायद्यानें तीन दिवसांच्या कामास एक दिवस माफी होती, परंतु कैद्याकडून एक मोठा अपराध घडला तर जमलेली सारी माफी बुडे. २०११ मध्यें ह्यांत दुरुस्ती झाली. बारा तासांच्या अभ्यासास एक दिवस माफी आली. अपराधाबद्दल जमेचा तिसरा हिस्साच काय तो कापतां येईल, असें बंधन आलें. आणि माफीचे दिवस सर्व कामीं भोगलेल्या दिवसांसारखेच धरावे, असें कायद्यानें स्पष्ट सांगितलें. २०१२ पासून केंद्रीय तुरुंगांत एक पुस्तक वाचून त्यावर लेख लिहिल्यास चार दिवस, वर्षास बारा पुस्तकांपर्यंत, म्हणजे ४८ दिवस, माफी मिळूं लागली. पुस्तकांचा हा नियम जगभर कौतुकाचा विषय झाला. आम्हांस त्याहून तिसऱ्या हिश्श्याचें बंधन महत्त्वाचें वाटतें. मॅकॉनकीस जें हवें होतें व जें त्यास देतां आलें नाहीं, तें त्यांत आहे.

८. उपसंहार

कोणी म्हणेल, शिक्षा न्यायाधीशानें दिलेली. तुरुंगाच्या कारकुनानें ती खालीं कां आणावी? ज्याच्या घरचा मनुष्य मारला गेला, त्यास हे गुण आणि ही खतावणी थट्टेसारखी वाटणार नाहीं काय? शिवाय गुण देणारा अंमलदार आपल्या मर्जीतल्यास अधिक देईल, वशिल्यास जागा होईल. हे आक्षेप खरे आहेत, आणि त्यांचें उत्तर माफीच नको असें असूं शकतें. कोणत्या गुन्ह्यास माफी द्यावी, किती द्यावी, कोणास मुळींच देऊं नये, हें ठरविण्याचा राज्याचा अधिकार आम्ही नाकारीत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच, कीं हा विचार कौल देण्यापूर्वीं व्हावा. कैद्यानें काम केलें, दिवस जमविले, आणि मागाहून हा आंकडा केवळ आमच्या सोयीचा होता असें त्यास सांगितलें, तर त्यानें वर्षानुवर्षें जें दिलें तें परत करतां येत नाहीं. दिवस हें असें द्रव्य आहे, कीं तें एकदां घेतलें म्हणजे व्याजासह फेडण्याचा मार्ग नसतो.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. राजदरबारचीं पत्रें, सनदा, महजर जपणारे पुष्कळ आहेत. तुरुंगाचीं तिकिटें, माफीचीं पत्रकें, सुटकेचे हुकूम ह्यांकडे रद्दी म्हणून पाहिलें जातें. एखाद्या जुन्या घरांत, विशेषतः स्वातंत्र्यलढ्यांत तुरुंग भोगलेल्यांच्या कागदांत, असें पत्रक सांपडल्यास तें टाकूं नये. तें वाचतांना तीन गोष्टी ताडून पाहाव्या : माफी कोणत्या प्रकारची, श्रमाची कीं प्रसंगाची, ती लिहिणारा अंमलदार कोण, आणि सोडणारा हुकूम कोणाच्या सहीचा, व पत्रकाच्या बेरजेनें येणारी तारीख आणि सुटकेची खरी तारीख ह्यांत अंतर किती. हीं अंतरें पुरेशा संख्येनें जमलीं, म्हणजे आपल्या तुरुंगांत माफी हा कौल होता कीं कृपा, ह्याचा निर्णय नियमांच्या पुस्तकावरून न करतां अस्सल कागदांवरून करतां येईल.